मुठीची खोड

मिस्त्री जुन्या पिकअपखाली सरकला आणि हात लांबवून हातब्रेकची केबल चाचपू लागला. अंगणाचा उतार पाठीला जाणवत होता. पंधरा दिवसांपूर्वी याच जागी त्याचा दोस्त, या घरातला थोरला, काहीतरी दुरुस्त करायला गाडीखाली शिरला होता, आणि गाडी मागे घरंगळून त्याच्या अंगावरून गेली. तो जागीच संपला. त्याआधी महिनाभरच मिस्त्रीने हा ब्रेक दुरुस्त करून दिला होता. थोरला चाकांना विटासुद्धा लावत नसे, दोस्तावर इतका भरवसा. तेव्हापासून मिस्त्रीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी थोरल्याच्या बायकोने, वहिनींनीच निरोप धाडला, एकदा बघून जा, मला खरं काय ते कळू दे.

आज मिस्त्रीने पुढच्या चाकांमागे विटा लावल्या होत्या. मदतीला थोरल्याचा धाकटा भाऊ केबिनमध्ये बसला होता. दादाच्या या खटाऱ्यात मी जन्मात पाय ठेवला नाही, त्या दिवशी तर मी गोदामात होतो, हे त्याने सकाळपासून दहादा ऐकवलं होतं.

केबल शाबूत होती. स्प्रिंग ताठ, पिन जागेवर. मिस्त्रीचे डोळे भरून आले. देवा, आपल्या हातून काही झालं नव्हतं.

"ओढा," तो म्हणाला.

वर ब्रेकची मूठ करकरली. केबल ताणली गेली.

"आता सोडा."

सोडणं हीच तर मेख होती. मूठ मोठी खोडसाळ. आधी आणखी जराशी ओढायची, मग डावीकडे पिळायची, तेव्हा कुठे सुटायची. ही खोड कळेपर्यंत मिस्त्रीनेसुद्धा थोरल्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. नवखा माणूस नुसता झटत बसे. ते सांगायला मिस्त्रीने तोंड उघडलं, तोवर मूठ सुटलीसुद्धा. एका दमात. गाडी बोटभर सरकून विटांवर टेकली.

मिस्त्री हलला नाही. धाकट्याने एक पाय दाराबाहेर टाकला. त्याचा बूट विटेवर येऊन थांबला.

"काय मिस्त्री, सापडलं का काही?"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. मिस्त्रीने ओठ ओले केले.

"सापडलं," तो वहिनींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "पिन लावायची राहिली होती. चूक माझीच."

बूट विटेवरून उचलला गेला.

"बघ वहिनी," धाकटा म्हणाला, "मी म्हणत नव्हतो?"

वहिनी आत गेल्या आणि त्यांनी कडी लावून घेतली.