न जळणारी वात

लढाईच्या सालात मी मुंबईच्या गोदीत पाणबुडीच्या नळ्यांना दगडी कापूस गुंडाळायचो. साहेब त्याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणायचे. त्याची भुकटी छातीत बसती, म्हणून आमी तोंडाला फडकं बांधायचो.

त्यातलाच पोतंभर चोरून म्या माझ्या गावी, तामलवाडीला आणला. भवानीच्या दिवटीत त्याची वात लावली. तेल जळायचं, वात तशीच राहायची. गाव हात जोडायला लागलं. चोरी झाकायला म्या म्हणलं, देवीचा प्रसाद हाय.

मग घरोघरच्या दिवट्यांसाठी माझी बायको कोंडाबाई पाच वर्षं तो कापूस हातानं पिंजत बसली. प्रसादापुढं तोंड बांध, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

आता तिला धाप लागती. काल म्हणाली, "अवो, देवीच्या सेवेत माझं काय चुकलं का?"

म्या खाली बघत म्हणलं, "चुकलं असंल कायतरी."