डबीवरचं नाव

डबीवर नाव होतं मृणाल भगवान साळवे आणि डबीतला नमुना होता तिच्या आईचा.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी मुलींना स्वतःच्या शौचाचा नमुना आणायला सांगतात. यात कुणाला हसू येत असेल, तर त्याने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकदा आणून दाखवावा. मृणालचं पोट दोन दिवस रुसून बसलं होतं. तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला आलेली बघून तिच्या आईने, शालनने, तिच्या हातातली डबी काढून घेतली आणि म्हणाली, माझं ने, तुझं नि माझं काय वेगळं आहे. वर्गात असं चालायचंच. मागे थुंकीचा नमुना आणायचा होता तेव्हा पायलने सरळ भावाला डबीत खोकायला लावलं होतं.

शालन घराजवळच, मोहन्यातल्या एका पाळणाघरात स्वयंपाक करायची. नवरा गेल्यावर तिने दहा वर्षं चार घरची धुणीभांडी केली. आता तिच्या हाताखाली एक स्वयंपाकघर होतं, अंगावर स्वच्छ एप्रन होता आणि बावीस पोरं तिला शालनमावशी म्हणायची. या एप्रनला ती इतकी जपायची की घरच्या कपड्यांत तो कधी धुवायला टाकायची नाही.

माजिवड्याजवळच्या कॉलेजात साडेदहाच्या सुमाराला मृणालने काचपट्टीवर आयोडीनचा थेंब टाकला, वर पातळ झाकणकाच ठेवली आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. बराच वेळ नुसता कचरा दिसत राहिला. मग एक गोल आला, पिवळसर तपकिरी, कड अगदी स्वच्छ. तिने बारीक नॉब फिरवला. आत एक केंद्रक दिसलं. जरा आणखी फिरवल्यावर दुसरं, मग तिसरं, आणि सगळ्यांत शेवटी, लपून बसल्यासारखं चौथं.

आमांशाच्या अमीबाची सिस्ट, म्हणजे कवचात दडलेला जंतू; चार केंद्रकं ही तिची खूण. दोन महिने वर्गातल्या पोरी जी तक्त्यावरून बघून काढत होत्या, ती तिला खरीखुरी सापडली होती. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिला आनंदच झाला. ती पायलला हाक मारणार होती, तोंडही उघडलं होतं, आणि मग डबी कुणाची ते आठवून तिने ते मिटलं.

जर्नलमध्ये तिने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की सिस्ट बाळगणारा माणूस स्वतः धडधाकट असू शकतो आणि तो जेवण हाताळत असेल तर धोका सगळ्यांत मोठा. प्रॅक्टिकल घेणाऱ्या नीला मॅडमची पद्धतही तिला ठाऊक होती. काही सापडलं की रजिस्टरला नोंद, पुन्हा तपासणी, औषध, आणि मग चौकशी, घरात कोण कोण आहे, कोण कुठे काम करतं. नमुना माझाच आहे असं तोंड वर करून सांगितलं तरी चौकशी दोन पावलांत पाळणाघरापर्यंत पोचली असती.

मॅडम पायलच्या टेबलापाशी आल्या होत्या. मृणालने पट्टी सरकवायचा स्क्रू धरला आणि केसभर फिरवला. गोल बाजूला सरकला, दिसेनासा झाला.

मॅडमनी विचारलं, काही दिसलं का. ती नाही म्हणाली. मॅडम वाकल्या. त्यांनी स्वतः पट्टी जरा डावीकडे नेली, जरा उजवीकडे नेली. मग त्या सरळ झाल्या, जर्नलवर 'आढळले नाही' लिहून सही केली आणि पुढे गेल्या. मृणालने काचपट्टी फिनाइलच्या बरणीत सोडून दिली.

दिवसभर ती मनाची समजूत घालत राहिली. अगदी अशाच दिसणाऱ्या एका निरुपद्रवी जातीच्या सिस्टही असतात, हे मॅडमनीच शिकवलं होतं. मम्मी हात साबणाने धुते. पाळणाघरात रोज खिचडी असते आणि उकळत्या खिचडीत काय टिकणार. औषध आपणच काहीतरी करून मिळवू, कुणाला कळायचं कारण नाही. संध्याकाळी लोकलने आंबिवली स्टेशनला उतरेपर्यंत तिचं जवळजवळ ठरलं होतं.

घरी शालन लसूण सोलत बसली होती. बोलता बोलता म्हणाली की पाळणाघरातल्या दोन पोरांना आठवडाभर जुलाब लागलेत, आणि छोट्या अनिशला तर आज रक्त पडलं. पाण्यातच काहीतरी आहे, असं तिचं मत होतं. ती टाकी धुवून घ्यायला सांगणार होती.

मृणाल तिच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं, चौथ्या केंद्रकापासून फिनाइलच्या बरणीपर्यंत. सांगताना तिला रडू आवरेना. सांगून झाल्यावर शालनने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि लसणाचं ताट लांब सरकवलं.

"औषध आहे ना यावर?"

"आहे. पण रिपोर्ट क्लिअर येईपर्यंत तू कुणाचं जेवण नाही करायचं, मम्मी."

"तुला कधी कळलेलं?"

"सकाळी. साडेदहाला."

शालनने मान हलवली. आवाज तिने अजिबात चढवला नाही.

"साडेबाराला मी काकडी चिरली गं. बावीस ताटांत या हातांनी वाढली. तुझा फोन असता तर नसती वाढली."

मृणालला सांगायचं होतं की तुझ्या नोकरीसाठीच केलं, पण तोवर शालन उठली होती. तिने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि पाळणाघराच्या मालकीणबाईंना फोन लावला.

"मनालीताई, उद्यापासून मी स्वयंपाकाला येत नाही. पोरांना दवाखान्यात न्या, आज काकडी खाल्लेल्या सगळ्यांना. का, ते माझी मुलगी सांगते. ती नर्स होतेय."

आणि तिने फोन मृणालपुढे धरला.