पिवळ्या दोन वाट्या

आजोबांच्या ताटलीत बारा प्रकार होते. परतलेलं अंडं, बोटाएवढी सॉसेजं, धुरी दिलेल्या सामन माशाची चकती, तळलेल्या माशाचा तुकडा, चीज, लोणी, राय धान्याचा काळा पाव, गोल पाव, पॅनकेक, संत्र्याची फोड आणि दोन इवल्या वाट्या. एकीत माशाबरोबर खायचं आंबटगोड रेमुलाद, दुसरीत पॅनकेकवर घालायचं लिंबाचं क्रीम. दोन्ही पिवळी. समोर बसलेल्या नातीच्या, मायकनच्या ताटलीतही तेच बारा.

"पुढच्या रविवारपासून हे बंद," काटा उचलायच्या आधीच आजोबांनी सांगून टाकलं. "कंटाळा आलाय मला ब्रंचचा."

मायकनने उचललेला काटा खाली ठेवला. गुडरून आजी गेल्यापासून दर रविवारी सकाळी ती आणि आजोबा स्वेनबोर्गच्या बंदरावरच्या या ‘शिंपला’ कॅफेत भेटायचे. उरलेला आठवडा आजोबा घरात एकटेच. रविवारही गेला, तर ते दाराबाहेर पडणार तरी कशासाठी?

"कंटाळा कसला आजोबा? यांना तर यंदा बक्षीस मिळालंय. दारावर लावलंय बघा."

"तेच तर! ‘बेटावरचा सर्वोत्तम ब्रंच’. ठरवलं कोणी? तिघांनी. एक बँकवाला, एक घरं विकणारा, आणि तिसरा गेल्या वर्षी जिंकलेला! बक्षीस मिळालं की आधी ताटल्या मोठ्या होतात, मग मासा लहान होतो आणि शेवटी खुर्च्या बदलतात. या खुर्चीत बसायला मी काय गुन्हा केलाय?"

"एस्किल्ड, आधीच्या खुर्चीलाही तुम्ही नावंच ठेवायचात," कॅफेची मालकीण बिर्था कॉफी ओतता ओतता म्हणाली.

"तिला निदान पाठ तरी होती!"

बिर्था हसत पुढच्या टेबलाकडे वळली. आजोबांची गाडी आता टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेवर आली. "काल एक पोरगा सॉस फाटला म्हणून ढसाढसा रडला. मागे व्हायोलिन. तुझ्या आजीचा सॉस दर नाताळला फाटायचा. ती दोन शिव्या हासडायची, गाळून घ्यायची आणि वाढायची. आणि मला सांग, ते परीक्षक घास तोंडात गेला की डोळे का मिटतात? ताटाकडे बघवत नाही की काय?"

मायकन हसत होती. बोलण्याच्या भरात आजोबांनी एक वाटी उचलली, पॅनकेकवर रिकामी केली आणि मोठा घास घेतला.

"हं. लिंबाची साल चिरून घातलीय. टीव्हीवाल्यांचं खूळ, पण चालेल."

ती लिंबाची साल नव्हती. काकडीच्या लोणच्याचे तुकडे होते. आजोबांनी पॅनकेकवर रेमुलाद ओतलं होतं.

मायकनने तोंड उघडलं. शेजारच्या टेबलापाशी बिर्था अजून उभी होती. मायकनने तोंड मिटलं, आजोबांचं हसं होऊ नये म्हणून आपल्या वाटीतलं लिंबाचं क्रीम तळलेल्या माशावर पसरलं आणि खाऊन टाकलं. गोड मासा घशाखाली उतरायला वेळ लागला.

रसायनशास्त्राची परीक्षा देऊन तिला दोनच महिने झाले होते. जिभेला आंबट कळतं, गोड कळतं. लिंबू कुठलं आणि लोणचं कुठलं, हे सांगायचं काम नाकाचं. नाक बंद असलं तर या दोन वाट्यांत फारसा फरक उरत नाही. मग तिला आणखी एक गोष्ट जाणवली. पूर्वी उठताना आजोबा रिवाजाप्रमाणे "जेवणाबद्दल आभार" म्हणायचे आणि बिर्थाला वर एक शेरा ऐकवायचे: जायफळ कमी, पाव छान आंबलाय. हल्ली मतं होती ती बक्षिसांवर, खुर्च्यांवर, टीव्हीवर. अन्नावर एकही नाही.

त्या दिवशीही ते नुसतं "जेवणाबद्दल आभार" म्हणाले आणि कोट घालू लागले.

बाहेर धक्क्यावरच्या बाकावर दोघं बसली. समोरच्या लहान बेटावर जाणारी फेरीबोट सुटत होती.

"आजोबा, तुम्हाला वास येत नाही ना?"



"फेब्रुवारीतल्या सर्दीपासून."

"मग सांगायचं नाही का?"

"कोणाला? तुझ्या आईला? दूध करपलेलं कळणार नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मला उचलून स्वतःच्या घरी नेईल. आणि तू दर रविवारी विचारतेस, कसं झालंय आजोबा? किती रविवार खोटं बोलू तुझ्याशी?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ते जाऊ दे गं. आजीची वेलचीची बरणी आहे ना, बनमध्ये घालायची ती? आजी गेल्यावर मी रोज उघडायचो. आता उघडतो, तर नुसती बरणीच असते."

मायकनने त्यांचा हात धरला.

सोमवारी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. नाकातल्या नसा कधी कधी परत वाढतात, डॉक्टर म्हणाले. खात्री नाही, पण रोज ओळखीचे वास घेण्याचा सराव करावा. घरी येऊन मायकनने ओट्यावर चार बरण्या मांडल्या: लिंबू, लवंग, कॉफी, वेलची.

"सकाळ-संध्याकाळ. एकेक बरणी, सावकाश."

"परीक्षा आहे का?"

"सराव."

"आणि बक्षीस?"

"रविवार. ब्रंच बंद करायचा नाही. आणि मी आता कसं झालंय म्हणून विचारणार नाही. तुम्ही खुर्च्यांबद्दल बोला."

"खुर्च्यांबद्दल बरंच बोलता येईल," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पहिल्या बरणीचं झाकण उघडलं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, कॅफेला निघण्याआधी, मायकनने आजीचा रुमाल त्यांच्या डोळ्यांवर बांधला. नियम तिनेच ठरवले. प्रत्येक बरणी तीनदा, क्रम मोडून. वास आला नाही तर ‘काही नाही’ म्हणायचं, अंदाजाने ठोकून द्यायचं नाही.

"टीव्हीवरचा परीक्षक दिसतोय का मी?"

"हुबेहूब. आता बोलू नका."

"काही नाही," आजोबा म्हणाले. पुन्हा, "काही नाही." तिसऱ्या बरणीवर त्यांनी मान थोडी पुढे केली आणि तसेच राहिले.

"बन," ते म्हणाले. "तिचे बन."

मायकनने बरणी बंद केली, दुसरी उघडली आणि शेवटपर्यंत नियम पाळले.

वेलची, तीनपैकी तीन. लिंबू, लवंग, कॉफी, शून्य.