शफीगच्या दातांची खूण

मित्रांनो, मी एक जुनी स्नॉर्केलची नळी आहे आणि मला माणसाच्या तोंडाची किळस येते. पाण्यात डोकं घालून पोहताना श्वास घ्यायला मला दातांत धरतात. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या रबरी तोंडाला कोणी तोंड लावलेलं नव्हतं. तेवढाच काय तो माझा सुखाचा काळ.

पुढे मी मालदीवच्या एका लहान बेटावर, शफीगच्या पाहुणेघरात कामाला लागले. जगभरची तोंडं चाखली. लसूण, सिगारेट, लाट लागली की परत येणारी न्याहारी. शफीग दिवसभर सुपारी चघळायचा आणि मला फुंकून तपासायचा. संध्याकाळी साऱ्या नळ्या एकाच बादलीत बुडायच्या. त्या पाण्याचं वर्णन करत नाही; तुम्हाला अजून जेवायचं असेल. पाहुणे बाहेर येऊन माशांचं कौतुक करत. माझं कोणी केलं नाही.

होड्या परतल्या की त्या बेटावर धक्क्याच्या पायऱ्यांवर टूना साफ करत आणि आतडी-डोकी समुद्रात टाकत. शार्क तिथे जेवायला येत. माणसं तिथे पाण्यात उतरत नसत. असा हा जुना शेजारधर्म होता. पण शार्क न दिसताच परतणाऱ्या पाहुण्यांची तोंडं शफीगला बघवेनात. त्याने मासे कापायची फळीच उचलून पाहुण्यांच्या किनाऱ्यावर आणली.

पाहुण्यांना पोहायला नेणारी त्याची चुलतबहीण शिउना भडकली. तिकडे थोरल्या भावाला बेय्या म्हणतात. "बेय्या, हे काय मांडलंस?"

"पंगत. शार्कांची."

"आणि ताटात कोण? माझे पाहुणे?"

"अगं, आपले शार्क गरीब आहेत. आजवर कुणाला चावलेत?"

"माणूस आला की घास येतो, हे आजवर त्यांना कुणी शिकवलं नव्हतं!"

"तू ना, शार्कांकडून निवडणुकीला उभी राहा."

पंगती झडू लागल्या. शार्क दिवसेंदिवस जवळ येऊ लागले, हातांना नाक लावून बघू लागले. पाहुणे खूश. एकदा टूनाचं आतडं माझ्यात शिरलं. ज्याच्या तोंडात मी होते तो दिवसभर थुंकत होता. मला तीही सोय नव्हती.

एके दुपारी शफीग मासे कापत असताना ओर्नेला नावाची इटालियन बाई एकटीच पाण्यात उतरली. भोवती शार्क फिरू लागले तशी ती किंचाळून हातपाय आपटू लागली. शफीग धावला. पायात पोहायची रबरी वल्ही चढवली, मला तोंडात खुपसलं आणि उडी मारली. हात धुवायचे राहिले. कोपरापर्यंत टूनाचं रक्त!

शार्कांनी बाईला सोडलं आणि यजमानाकडे मोर्चा वळवला.

किनाऱ्यावरून शिउनाने उडी घेतली. "ओर्नेला, हात आपटू नका! सावकाश मागे सरका! बेय्या, हात काखेत! पाठ फिरवू नकोस, शार्ककडे बघत राहा!"

शफीग काहीतरी बोलला, पण मी तोंडात असल्यामुळे ते "म्म्म" एवढंच निघालं. सुपारीचा रस माझ्यात उतरला. एक शार्क सरळ आत आला. शफीग डोळे मिटून मला कचकन चावला. शार्कने उजव्या वल्ह्याचं टोक नेलं. पाऊल राहिलं. शिउनाने शफीगला मानगुटीला धरून मागे मागे वाळूवर ओढलं. ओर्नेला आधीच वाळूवर बसून रडत होती.

"बेय्या, गरीब होते ना रे?" शिउनाने धापा टाकत विचारलं.

शफीगने फळी डोक्यावर घेतली आणि स्वतः धक्क्यावर पोचवली.

आता मी दारात खिळ्याला टांगलेली आहे. माझं रबरी तोंड अर्धं तुटलं आहे. शफीग नव्या पाहुण्यांना दाखवतो, "हे बघा, शार्कने चावलं. म्हणून सांगतो, त्यांना खायला घालू नका. मासे कापतात तिथे उतरू नका."

मित्रांनो, सल्ला खरा आहे, तेवढा पाळा. दात मात्र त्याचेच. त्या जागेला अजून सुपारीचा वास येतो. शार्क सुपारी खात नाहीत. आणि तुम्ही कधी माझ्या एखाद्या बहिणीला तोंडात धरलंत, तर नंतर तिला गोड्या पाण्याने धुवा. बादलीत नको.