लेबलाखालची चांदी

ट्रे आत गेला, हिरवा दिवा लुकलुकला, आणि यंत्राच्या पोटातून असा आवाज आला की ताईचा हात माऊसवरच थबकला. जात्यात दाण्यांबरोबर खडा आला की जातं अडखळतं, तसा आवाज. एकदा आला, पुन्हा आला, मग जरा जोरात आला. मग काहीच नाही. दिवा विझला आणि पडद्यावर चौकट उगवली: ड्राइव्हमध्ये डिस्क टाका.

"टाकलीय की मेल्या," ताई म्हणाली.

"मला म्हणालीस की त्याला?" मागून भावानं विचारलं.

दाराशी उभ्या असलेल्या वहिनीनं मान दुसरीकडे वळवली. एरवी ती या असल्या बोलण्याला हसली असती.

घराच्या खालच्या खोलीतलं हे फोटो-व्हिडिओचं दुकान बहीण-भावाचं. भाऊ लग्नांची शूटिंग करायचा. ताई कॉम्प्युटरवर बसून ती कापायची, जोडायची, डिस्कवर उतरवून द्यायची. भाऊ पन्नाशी ओलांडलेला, दारातून शिरताना जरा तिरपा होणारा धिप्पाड माणूस. ताई त्याला अजून चिमण्या म्हणायची.

सकाळीच ती तिघं हॉस्पिटलमधून आली होती. डॉक्टरबाईंनी भावाच्या छातीचा नवा स्कॅन उजेडाच्या पेटीवर लावून पेनाचं टोक टेकवलं होतं: डाव्या फुप्फुसात वाटाण्याएवढा गोल डाग. मग विचारलं होतं, आधी कधी छातीचा स्कॅन झालाय का? झाला होता. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात स्टुलावरून कॅमेऱ्यासकट पडला, तेव्हा फासळ्या बघायला काढला होता.

"तो आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "तेव्हाही हा डाग एवढाच असेल, तर जुना व्रण समजायचा आणि खुशाल घरी जायचं. तेव्हा नसेल, तर तो नंतर आलेला आहे. मग थांबता यायचं नाही."

हे त्या इतक्या शांतपणे बोलल्या की तिघांना त्या शांतपणाचीच धास्ती बसली. जिथे तो स्कॅन काढला होता तिथे आता गाद्यांचं दुकान होतं. घरी होती ती फक्त एक डिस्क. आणि हॉस्पिटलच्या एकाही नव्या कॉम्प्युटरला डिस्क घालायची जागाच नव्हती. उद्या पेनड्राइव्हवर घेऊन या, असं ठरलं.

म्हणजे त्यांना डाग हवा होता. नवऱ्यांच्या गालांवरचे, नवरींच्या कपाळांवरचे, भिंतींवरचे, पडद्यांवरचे डाग पुसून पुसून ज्यांनी आयुष्यभर पोट भरलं, ती माणसं आज एक डाग सापडावा म्हणून बसली होती.

"बिघडलं का?" वहिनीनं विचारलं.

"बिघडलं नाही, रुसलंय," भाऊ म्हणाला. "वर्षभर कुणी हात लावला नाही. सगळी जनता पेनड्राइव्ह मागते. मग रुसणारच."

ताईनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. यादी उघडली. यादीत सगळं होतं, ड्राइव्ह तेवढा नव्हता. जसं घरातल्या माणसांची नावं घेताना एक नाव कुणी मुद्दाम गाळावं. ट्रेचं बटण दाबलं. दाबल्यासारखंही वाटलं नाही.

"चिमण्या, डबा उघडावा लागणार."

तिनं वायर उपटली आणि बाजूचा पत्रा सरकवला. आत धुळीची लव चढलेली, राखाडी, मऊ, कुणी पांघरूण घातल्यासारखी. ताईनं ती ब्रशनं हळू झाडली. ड्राइव्हच्या पाठीला वीज देणारी वायर घट्ट होती, पण शेजारची पट्टीसारखी वायर बोटाच्या धक्क्यानं हलली. तिनं ती काढली, फुंकर घातली, पुन्हा दाबून बसवली. टक् असा बारीक आवाज आला आणि तिच्या खांद्यांतला ताण थोडा उतरला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. यादीत ड्राइव्हचं नाव उगवलं.

"आला बघ," भाऊ म्हणाला. "नाव घेतलं की येतोच."

ताईनं बटण दाबलं. आतली मोटर घुमली, ट्रे केसभर हलला आणि मागे गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कडू औषध पाजायला जावं आणि माणसानं दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घ्यावं, तसं.

"राहू द्या ना ताई," वहिनी म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. ती आता दारातून आत आली होती आणि काउंटरची कड धरून उभी होती.

"नाही उघडत तर नाही उघडत. सांगू त्यांना, डिस्क खराब झाली. त्या म्हणाल्या होत्या ना, जुना नाहीच मिळाला तर तीन महिन्यांनी पुन्हा काढून बघू. तीन महिने तर तीन महिने."

"आणि ते तीन महिने करायचं काय?" ताईनं विचारलं.

"जेवायचं. झोपायचं. यांनी तुमच्याशी भांडायचं. रोज करतो तेच."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी बंद पडलेल्या स्कूटरला किक मारत होतं. एक किक, दुसरी किक, मग दम खायला थांबणं. वहिनीच्या बोलण्यात ताईला चूक सापडेना, आणि त्याचीच तिला भीती वाटली. तीन महिने म्हणजे किती दुपारी, किती चहा, किती भांडणं. आणि त्या सगळ्यांच्या खाली, अंधारात, तो वाटाणा.

"यू-पिन दे गं एक," भाऊ बायकोला म्हणाला.

ती हलली नाही. मग त्यानंच हात लांब करून काउंटरवरच्या डबीतून पिन घेतली, सरळ केली. कॉम्प्युटर बंद करून तो ड्राइव्हपुढे गुडघ्यांवर बसला. ट्रेखाली एक बारीक भोक असतं, असल्या वेळेसाठीच ठेवलेलं. त्यात त्यानं पिन घातली आणि दाबली. ट्रे बोटभर बाहेर आला. आतून कागद फाटल्याचा आवाज झाला.

"ओढू नकोस," ताई म्हणाली. "सोड. तसाच सोड."

तिनं चार स्क्रू काढले, अख्खा ड्राइव्ह बाहेर घेतला आणि काउंटरवर जुन्या टॉवेलवर ठेवला. वरचं झाकण निघालं. आत डिस्क होती आणि डिस्कवर लेबल. लेबलाची एक कड वाळलेल्या पानासारखी वर वळली होती, झाकणाला घासून फाटली होती. खडा होता तो हा.

हॉस्पिटलच्या डिस्कवर कुणी लेबल लावत नाही. लावणार तर हीच दोघं. उघडीबोडकी डिस्क कपाटात जायची नाही, हा या दुकानाचा नियम होता. तिच्यावर गोल पांढरा कागद चिकटवायचा आणि भावानं आपल्या झोकदार अक्षरात नाव घालायचं. फासळ्या शाबूत आहेत हे कळलं त्या दिवशी, त्याच आनंदात, त्यानं या डिस्कवरही लेबल चिकटवलं होतं. लिहिलं होतं: माझी छाती. कृपया हसू नये.

कुणी हसलं नाही.

"सोलूनच टाकतो," भाऊ म्हणाला आणि त्यानं कडेखाली नख घातलं.

ताईनं त्याचं मनगट पकडलं. लहानपणी विस्तवाकडे जाणारा त्याचा हात पकडायची तसं, हाडापर्यंत. "नख काढ. सावकाश."

"काय झालं?"

"खालची बाजू चकचकते म्हणून आपल्याला वाटतं सगळं तिथं आहे. तिथं नुसतं जाड प्लास्टिक. लिहिलेलं सगळं वर, या कागदाला लागून. चांदीचा वर्ख म्हण. आरशावरच्या वाफेएवढा पातळ. कागद ओढलास की वर्ख कागदाबरोबर येणार."

भावानं हात मागे घेतला. नखाकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या छातीवर मीच..."

"तूच. आता गप्प बस."

तिनं नखं कापायची बारीक कात्री घेतली. डोळे बारीक करून वाकली, पण स्वतःच्याच डोक्याची सावली डिस्कवर पडत होती. तेवढ्यात बाजूनं उजेड आला. वहिनीनं न सांगता टॉर्च धरला होता. दुसऱ्या हातानं तिनं स्वतःचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

ताईनं वर वळलेला तेवढाच कागद कापला. चिकटलेल्या कागदाला हात लावला नाही. कापलेला तुकडा उचलला तर त्याच्या पाठीला चांदी होती. आणि जिथून तो निघाला तिथे, डिस्कच्या काठाशी, नखाएवढी खिडकी. टॉर्चचा उजेड तिच्यातून आरपार टॉवेलवर पडला.

"गेलं?" भावानं विचारलं.

"लिखाण आतून सुरू होतं आणि बाहेर बाहेर जातं. काठाशी बहुतेक कोरंच असेल."

"बहुतेक," वहिनी म्हणाली.

ताईनं कापसाच्या बोळ्यानं लेन्स पुसली, बाळाच्या पापणीवरून फिरवावं इतकं हलकं. डिस्क बसवली. झाकण, स्क्रू, वायरी. एका बाजूचा कागद कमी झाल्यामुळे डिस्क आता कलणार, जोरात फिरली तर आतल्या आत तडकणार. तिनं वाचायचा वेग सर्वांत कमी केला.

"चल गं बाई," ती यंत्राला म्हणाली. "घाई नाही. सावकाश ये."

डिस्क फिरली. घुमली, अडखळली, थांबली. मग पुन्हा फिरली, आणि या वेळी खड्याचा आवाज नव्हता, नुसती दबकी घरघर होती. पडद्यावर फायलींची रांग लागली. ताईनं सगळ्या निवडल्या आणि उतरवून घ्यायला लावल्या. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

"लग्नाची कॅसेट बघायला बसल्यासारखं वाटतंय," भाऊ म्हणाला. "आता बघ, आधी मांडव येईल." आणि त्याला खोकला आला. कोरडा, आखूड, रोजचाच. पण आज तो संपेपर्यंत कुणी दुसरीकडे बघू शकलं नाही.

पट्टी काठाजवळ येऊन थांबली. घरघर वाढली. ताईनं डब्यावर तळहात ठेवला. पत्रा कोमट लागला, तापलेल्या कपाळासारखा. वहिनी ओठ हलवत होती, पण शब्द फुटत नव्हते; ती पट्टी पुढे जावी म्हणत होती की जाऊ नये म्हणत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग पट्टी एकदम भरली.

"मी चहा टाकते," वहिनी म्हणाली आणि कुणाकडे न बघता जिना चढून गेली.

बहीण-भाऊ शेजारी शेजारी बसले. नव्या स्कॅनची काळी फिल्म ताईनं खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं लावली. मागून दुपार उजळली. पडद्यावर जुन्या स्कॅनचे काप एकामागून एक येऊ लागले. खांदे आले, गळपट्टीची हाडं आली, फासळ्यांची गोल कमान आली. काळ्या पाण्यावर पांढऱ्या फांद्या पसराव्यात तशा रक्तवाहिन्या.

"थांब," भाऊ म्हणाला. "दोन मागे. हं, इथं."

खिडकीतल्या फिल्ममध्ये एक फांदी दुभंगत होती आणि त्या बेचक्यात तो डाग बसला होता, गोल, पांढरा, घरट्यातल्या अंड्यासारखा. पडद्यावर तीच फांदी होती. तेच वळण, तेच बेचकं. बेचकं रिकामं होतं.

ताई एक काप पुढे गेली, एक मागे आली. पुन्हा पुढे.

"उजेड वाढव," भाऊ म्हणाला.

तिनं वाढवला.

"कमी कर."

तिनं कमी केला. अंधारात काढलेल्या किती लग्नांतून तिनं अशी हरवलेली माणसं वर आणली होती. कोपऱ्यातला मामा, खांबामागची आत्या. तिला ठाऊक होतं, असतं ते कुठेतरी अंधुक तरी असतंच. इथं नव्हतं.

"राहू दे," भाऊ म्हणाला. "फ्रेम चांगली आलीय. किती स्वच्छ."

"चिमण्या."

"पेनड्राइव्हवर घे. उद्या न्यायचंय."

जिन्यावर पावलं वाजली. वहिनी कप घेऊन आली, काउंटरवर ठेवले आणि धीर करून, एकदाच, पडद्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं.

"काहीच नाही की," ती म्हणाली. "डाग नाही, काही नाही. सगळं साफ आहे." ती हसली, पदरानं कपाळ पुसलं. "उगाच जीव घाबरा करून ठेवतात ही माणसं. मी सकाळपासून तेच म्हणत होते. घ्या, चहा गार होतोय. ताई, घ्या ना."

ताईनं कप घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. तोंडाशी नेला नाही. सकाळी डॉक्टरबाई बोलत होत्या तेव्हा वहिनीनं सगळं नीट ऐकलं होतं. तिला कळत होतं. पण माणूस इतका वेळ भिऊन बसला की स्वच्छ दिसेल ते खरं धरतो.

"तुम्ही दोघं असे का बसलात?" वहिनीचं हसू अजून ओठांवर होतं, नुसतं खाली उतरायचं राहिलं होतं. "अहो, बोला की. तुम्ही कधीपासून गप्प राहायला लागलात?"

भावानं उठून आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"अगं," तो म्हणाला, "जरा बस इथं माझ्याजवळ. हा जुना आहे."

ती बसली नाही. पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. हात खुर्चीच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

"जुना," ती म्हणाली.

"हं."

"मग उद्या किती वाजता निघायचं?"