किनाऱ्यावरची बाई

व्हिव्हियन लोपीस टोरांटोच्या एका कॉलेजात पोर्तुगीज शिकवायची. आजचे पोर्तुगीज कवी प्रवासाबद्दल आणि देशाबद्दल काय लिहितात, हा तिचा खास विषय. त्यामुळे लिस्बनहून आलेल्या ॲन्सेल्मो नावाच्या कवीचा कार्यक्रम सिरीलकाकांनी टोरांटोशेजारच्या मिसिसागातल्या चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये ठरवला, तेव्हा दुभाषी म्हणून तिलाच जुंपलं. काका वसईकर मंडळाचे अध्यक्ष. 'आमचं मूळ पोर्तुगालचं' असं ते हल्ली छाती फुगवून सांगत. ज्या पोर्तुगीजांनी आपल्या पूर्वजांना नुसतं आडनाव चिकटवलं, त्यांना हा माणूस रक्ताचे समजतो, याची व्हिव्हियनला शरम वाटे.

कवी तर काकांच्याही वरताण निघाला. "आम्ही साम्राज्य गमावलेली पोरकी माणसं," तो स्टेजवरून म्हणाला. "आमचा देश म्हणजे न संपलेला प्रवास."

पोरका म्हणे! सरकारी खर्चाने बिझनेस क्लासमधून हिंडणारा पोरका.

मग त्याने वसईवरची कविता काढली. वसई त्याने पाहिलेली नव्हती. तेही त्याने कौतुकानेच सांगितलं. कवितेत एक सावळी बाई किनाऱ्यावर जहाजाची वाट बघत उभी होती. व्हिव्हियन एकेक ओळ इंग्रजीत सांगत होती. मध्येच तिने विचारलं, "तिचं नाव काय?"

"तिला नाव नाही," कवी हसला. "ती आमची ओढ आहे."

शेवटच्या कडव्याआधी व्हिव्हियनने हातातल्या कागदावर नजर टाकली आणि माइक खाली ठेवला.

"बाय, पाहुणा आहे तो. बोल पुढे," काका कुजबुजले.

"हे माझ्या तोंडून निघायचं नाही."

कवीने ते कडवं पोर्तुगीजमध्येच म्हटलं. कुणाला एक अक्षर कळलं नाही, तरी हॉल टाळ्यांनी दणाणला. काकांनी तर उभं राहून डोळे पुसले.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी कवीने तिचा हात धरला. "तुमचा कंठ दाटून आला. माझ्या कवितेला इतकी मोठी दाद कुणी दिली नव्हती."

तिने हात सोडवून घेतला. "कंठ नाही दाटला, किळस आली," ती त्याच्याच भाषेत म्हणाली. "ती बाई तुमची वाट बघत नव्हती. तुम्ही गेलात तेव्हा ती मासळी वाळत घालत असेल. मान वर करून पाहिलंही नसेल तिने."

 कवीचे डोळे चमकले. "वाळणारी मासळी! हे मी घेऊ?"

"घ्या. सवयच आहे तुम्हाला." याहून पुढे शिव्या देणं म्हणजेसुद्धा त्याला मान देणं, असं तिला वाटलं.

काका तिला स्टेशनवर सोडायला आले. वाटभर धुसफुसत होते. ती उतरली तेव्हा मात्र त्यांनी काच खाली केली. "काय होतं गं त्या कडव्यात?"

"बाई म्हणते, मालक, परत या. मला पुन्हा तुमची दासी करा."

काका स्टिअरिंगकडे बघत राहिले. "आणि मी उभा राहिलो?"

"राहिलात."

काच वर गेली. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या फेसबुक पानावर कार्यक्रमाचे फोटो चढले. सगळ्यात मोठ्या फोटोत काका कवीच्या खांद्यावर हात टाकून हसत होते.