अंगठ्याखालचे ठोके

चपलांच्या दुकानावर माईंची खोली होती आणि बाळ गमावलेल्या बायांची रांग थेट जिन्यापासून लागायची. माईंकडे तळहातावर मावतील एवढी बाळं होती. रबराचीच, पण पापणीचा केस न् केस, इवलाली नखं, कपाळावरची निळसर शीर, सगळं जिथल्या तिथे. जवळच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा असं एक बाळ पाहिलं. बाहुली आहे हे कळत होतं, तरी हात आपसूक तिची मान सावरायला गेला, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

माईंच्या जिभेवर साखर होती. "डोळे मिटा. अंगठा छातीवर अलगद दाबून ठेवा. मनात संशय असला की बाळ बोलायचं नाही हं." थोड्याच वेळात बाया रडू लागत. बाळाचं काळीज धडधडे, अंग कोमट होई.

त्या बायांत डॉक्टरबाईंची धाकटी बहीण होती. तिचं बाळ नुकतंच, जन्मताच गेलं होतं. माईंनी तिला सांगून ठेवलं, आईच्या अंगात औषधाचा कडूपणा गेला की बाळ थंड पडतं. झालं. अंगात बाळंतपणाचा ताप, आणि गोळ्या केरात.

डॉक्टरबाई दवाखान्यात दिवसभर हेच ऐकत. कुणी मंतरलेलं पाणी पिई, कुणी दोरा बांधी. समजावून समजावून घसा बसला होता; पालथ्या घड्यावर पाणी. पण घरच्या माणसापुढे हात टेकून कसं चालेल?

संध्याकाळी त्या बहिणीच्या खाटेवर टेकल्या. माईंकडून आणलेल्या बाहुलीच्या छातीवर अंगठा ठेवून धाकटी म्हणाली, "ताई, आज याचं काळीज फार जोरात उडतंय गं. घाबरलाय कशाला तरी."

डॉक्टरबाई चमकल्या. नाडी अंगठ्याने बघायची नाही, हे शिकताना त्यांना पहिल्यांदा बजावलं गेलं होतं. अंगठ्याची स्वतःची नाडी उडते आणि ती रोग्याची वाटते.

त्यांनी वाद घातला नाही. साबणाची कोरी वडी बहिणीच्या हातात दिली आणि अंगठा तसाच दाबून डोळे मिटायला सांगितलं. वडी धडधडू लागली, मग कोमटही झाली. मेजावर ठेवलेल्या बाहुलीच्या छातीवर त्यांनी कापसाचा पुंजका ठेवला. तो हलला नाही.

धाकटीने वडी खाली ठेवली. "मग इतके दिवस मी कुणाचे ठोके मोजत होते?"

"तुझे. आज ते जोरात पडताहेत, कारण तुला ताप चढलाय. घाबरलंय ते तुझं अंग. त्याचं ऐक गं."

बाळ गेल्यापासून धाकटी पहिल्यांदाच मोठ्याने रडली. मग तिने गोळीसाठी हात पुढे केला.

माईंच्या जिन्यावर अजून रांग आहे. दुःखी माणसाने बाहुली खुशाल उराशी धरावी, त्यात लाज कसली? पण ती जिवंत आहे असं कुणी म्हणालं, तर आधी आपला हात काढून बघा. आणि रडायचं असेल तर पोटभर रडा, पण औषध घेऊन.